नर्सबाईंची पेटी

दिवाळीत आमच्या घरी फराळ होत नसे, येत असे. जालना तालुक्यातल्या एका लहानशा गावात माझ्या आईच्या उपकेंद्राला लागून आमच्या दोन खोल्या होत्या आणि साऱ्या गावात ख्रिस्ती कुटुंब आमचे एकटेच. लक्ष्मीपूजन झाले की दुसऱ्या दिवसापासून विणलेल्या रुमालांनी झाकलेली ताटे दारात येऊ लागत. आई कुणाचे ताट रिकामे परत धाडीत नसे. निदान मूठभर साखर तरी त्यात घालीच. मग नाताळ येई, आणि तेव्हा आमच्या करंज्या-चकल्यांची ताटे उलट दिशेने निघत. दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणत, "दिवाळी आणि नाताळ यांच्यामध्ये देवाने एवढे आठवडे ठेवलेत ते भाजणी दळून आणायलाच."

एका घराची गोष्ट मात्र निराळी होती. वरच्या आळीतल्या त्या मोठ्या घराचे ताट गडी घेऊन येई आणि उंबऱ्याबाहेर ठेवून चार पावले मागे सरे. परत गेलेले ताट तिकडे राखेने घासले जाते, हे आम्हां मुलांना कुणी सांगितले नव्हते. पण मुलांना अशा गोष्टी न सांगता कळतात. त्या घराच्या ओसरीवर, कोनाड्यात, एक कानतुटकी कपबशी पालथी घातलेली असे. ती नर्सबाईंची. इतर कुणी तिला हात लावीत नसे.

आईला हे ठाऊक नव्हते असे नाही. मी एकदा रागाने बोलले तेव्हा ती म्हणाली, "बाळ आणि बाळंतीण सुखरूप असली म्हणजे झालं. मग घर धुवा नाही तर रंगवा!"

आईचे आजोळ बेथेलचे. जालन्याजवळच्या या वस्तीची हकीगत शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. स्कॉटिश मिशनचे पाळक होऊन पुढे ते जालन्यास आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यातले छावणीचे गाव. सालारजंग दिवाण होते त्या काळात हैदराबाद सरकारकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी ही वस्ती उभी केली. तिथे येऊन राहिले ते बहुतेक मांगवाड्यांतले आणि महारवाड्यांतले लोक. शेषाद्री १८९१ साली वारले. पण ज्यांना गावच्या विहिरीवर पाऊल ठेवू देत नव्हते त्यांच्या लेकी-सुना हातात पाटी घेऊन शाळेत बसू लागल्या होत्या. माझी पणजी त्यांतलीच एक. तेव्हा कोनाड्यातली ती कपबशी आमच्या घराण्याला काही नवीन नव्हती.

आई जन्मली १९३८ साली, निजामाची प्रजा म्हणून. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मोकळे झाले तेव्हा ती दहा वर्षांची होती. १९५९ साली ती सरकारी नोकरीत लागली ती द्विभाषिक मुंबई राज्यात. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि ती औरंगाबाद जिल्हा परिषदेची नोकर झाली. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि तिच्या सेवापुस्तकावर नवा शिक्का बसला. ती हसून म्हणे, "मी आपली जागच्या जागी आहे. राज्यं आणि जिल्हे माझ्याभोवती फिरतायत."

कागदोपत्री ती 'सहायक परिचारिका प्रसाविका' होती. एवढे लांबलचक नाव कोण घेणार? गाव तिला नर्सबाई म्हणे. आसपासच्या पाच गावांची बाळंतपणे, लहान मुलांचे टोचणे, विहिरीत औषध टाकणे, तापकऱ्यांना गोळ्या वाटणे, ही तिची कामे. पांढरी साडी, पायांत जाड चपला आणि हातात युनिसेफकडून आलेली ॲल्युमिनियमची पेटी. तिच्यात कात्री, चिमटे, नाळ बांधायचा दोरा, साबण, रबरी कापड आणि तान्ह्याला तोलायचा लहानसा काटा असे. त्या पेटीला आम्ही हात लावायचा नाही, हा घरातला पहिला कायदा. दुसरा कायदा असा, की स्टोव्हवर कात्रीचे पातेले चढलेले असले तर चहा मागायचा नाही.

त्या काळी खेड्यांतून बाळाची नाळ घरातल्या विळ्याने कापीत आणि तिच्यावर राख नाही तर शेण लावीत. मग सहाव्या-सातव्या दिवशी बाळ अंगावर प्यायचे सोडी, त्याचा जबडा आवळला जाई, अंग धनुष्यासारखे ताठ होई आणि दोन दिवसांत सारे संपे. लोक म्हणत, सटवाईने नेले. तो धनुर्वात असे. विळ्यावरच्या आणि शेणातल्या जंतूंनी आणलेला. आई ख्रिस्ती होती, पण सटवाईशी तिने कधी भांडण काढले नाही. गावच्या म्हाताऱ्या सुइणीला तिने शत्रू केले नाही, हाताखाली घेतले. ती तिला सांगे, "मावशी, पाचवी पुजा, सटवाईला बोलवा, तिच्यासाठी दिवा लावा. पण कात्री उकळलेली पाहिजे आणि नाळेला काही म्हणता काही लावायचं नाही." पुढे गरोदर बायकांनाच धनुर्वाताची सुई टोचू लागले. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य केले. ती बातमी मीच आईला वाचून दाखविली. सत्त्याहत्तर वर्षांची ती, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "सुइणमावशी असायला हवी होती."

रविवारी आम्ही सारी एस.टी.ने जालन्याला उपासनेला जात असू. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरास निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले. पण पाटी बदलली तरी आईचे काम बदलले नाही. सकाळी सर्वांच्या आधी पोहोचून ती चर्च झाडी, प्रभुभोजनाच्या मेजावरचे पांढरे कापड घरून धुऊन इस्त्री करून नेई, उपासना संपली की मुलांची रविवारची शाळा घेई. 'उपासना संगीत'मधली टिळकांची पदे तिला तोंडपाठ होती आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' उशाशी असत. पण कित्येक रविवारी ती निघता निघता कुणाचा तरी गडी धावत येई आणि आमच्याबरोबर ते इस्त्रीचे कापड एकटेच जालन्याला जाई. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी एकदा याबद्दल नाराजी दाखविली. आई नम्रपणे म्हणाली, "साहेब, रविवारी जन्मू नका असं बाळांना सांगता आलं असतं, तर सांगितलं असतं." त्यावर सारी मंडळी हसली आणि विषय तिथेच संपला.

चर्चमधल्या बायकांच्या सभेने एक नेम ठेवला होता. रोज स्वयंपाकाच्या आधी धान्याची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची आणि महिन्याच्या शेवटी तो डबा गरजूंसाठी द्यायचा. १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसू लागले, गावेच्या गावे खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर गेली. ज्वारी मिळेना, रेशनवर परदेशची लाल मिलो आली. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशाशी अडे. दादा प्राथमिक शाळेत शिक्षक, आई नर्स, म्हणजे आमच्या घरी दोन पगार. तरी पैसे देऊन आणायला धान्य हवे ना! अशा दिवसांतही ती मूठ डब्यात पडतच राहिली. मी दहा वर्षांची होते. एके दिवशी मी डबा उचलून लपवून ठेवला. आईने तो शोधला नाही. रात्री जेवताना तिने आपल्या पानातली अर्धी भाकरी बाजूला काढली आणि म्हणाली, "डबा सापडेपर्यंत ही मूठ माझ्यातली." सकाळी डबा जागेवर होता. आज मला वाटते, तिने मला दोन थपडा दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या मी केव्हाच विसरले असते.

येथवर मी जे लिहिले, ते कुठल्याही चांगल्या आईविषयी थोड्याफार फरकाने लिहिता येईल. आता जे लिहायचे आहे ते सोपे नाही.

१९७४ चा फाल्गुन. गावात गोवराची साथ होती. माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा. त्याच्या अंगावर पुरळ उठून दोन दिवस झाले होते, डोळे लाल, ताप असा की अंगाला हात लाववत नव्हता. दादा शिक्षकांच्या शिबिरासाठी औरंगाबादला गेलेले. मध्यरात्री कंदील घेऊन वरच्या आळीचा गडी आला. "नर्सबाई, चला. धाकट्या सुनबाईचं काही खरं नाही. पाय आलेत बाळाचे."

मूल पायाळू होते. अशा बाळंतपणात डोके अडकले तर मिनिटांचा हिशेब असतो. जालन्याचा रस्ता बैलगाडीचा. आई उभी राहिली, धाकट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. त्याला बरोबर नेणे शक्यच नव्हते. गोवराचे पोर तान्ह्याच्या आणि बाळंतिणीच्या जवळ कसे नेणार? तिने मला पाण्याचे पातेले आणि फडके दिले. म्हणाली, "कपाळावर, पोटावर, काखेत. फडकं गरम झालं की बदल. झोपू नकोस, पोरी." आणि पेटी उचलून ती गेली.

मी बारा वर्षांची होते. त्या रात्री धाकट्याला एकदा आकडी आली. मी ओरडले, शेजारची काकू धावून आली. आई उजाडल्यावर नाही, दहा वाजता परतली. बाळ सुखरूप होते, पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. म्हणून धाकट्याला औषध पाजून ती पुन्हा गेली, आणि पुढचे दोन दिवस अशीच ये-जा करीत राहिली. तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या उशीवर पिवळा डाग दिसला. कान फुटला होता. त्याला जालन्याला नेले, औषधे झाली, महिनोन्महिने कान वाहत राहिला. अखेरीस वाहणे थांबले आणि ऐकणेही. उजव्या कानाने तो आजतागायत ऐकू शकत नाही.

गोवरात कान फुटणे ही नेहमीची गोष्ट आहे. आई घरी असती तरी कान वाचला असता की नाही, कोण सांगणार? हे मला आज कळते. तेव्हा मला एवढेच कळत होते, की ज्या घरात आईची कपबशी कोनाड्यात ठेवतात, त्या घरच्या मुलासाठी आमच्या धाकट्याचा कान गेला. मी आईशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. दादा परत आल्यावर त्यांनी सारे ऐकून घेतले आणि ते आईला एक शब्द बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणे आईला माझ्या अबोल्यापेक्षा जड गेले असावे. त्या रविवारी तिने चर्चचे कापड धुतले, इस्त्री केले. पण ते मेजावर मला घालायला सांगितले आणि आपण शेवटच्या बाकावर बसली.

पुढे दिवस गेले. गावोगावच्या भिंतींवर 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा' अशी गेरूची अक्षरे झळकली. देवीचा भारतातला अखेरचा साथीचा रोगी १९७५ साली मिळाला, त्यानंतर देवी गेल्या. भिंतींवरची अक्षरे मात्र कितीतरी पावसाळे टिकली. आईची बदली आधी सेवलीच्या बाजूला झाली, मग बदनापूरकडे. कोनाड्यातली कपबशी मागे राहिली.

१९८५ साली सरकारने सर्व मुलांसाठी लसीकरणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात गोवराची लस आली. नऊ महिने पुरे झालेल्या बाळाला ती टोचायची. लस थंड ठेवावी लागे. बर्फाच्या पेटीतून ती गावात आली की काही तासांत संपवायची. आईचे वय तेव्हा सत्तेचाळीस. तिचे गुडघे दुखू लागले होते. पण त्या लसीसाठी ती अशी फिरली, की बरोबरच्या तरुण नर्सा थकून गेल्या. तिने एक वेगळी वही केली. तिच्यात प्रत्येक बाळाची जन्मतारीख आणि पुढे नऊ महिने कधी भरतात ती तारीख. बाजारात, एस.टी.त, लग्नाच्या मांडवात कडेवर मूल घेतलेली बाई दिसली की ती विचारी, "नऊ महिने झाले का गं?" पुष्कळ बायका लाजून म्हणत, "अहो, याला झालेत. पुढचं नाही अजून काही!" आई हसे आणि वहीत नोंद करी. कुणाच्या आजेसासूने "गोवर म्हणजे देवीचा फेरा, त्याला सुई टोचायची नसते" म्हटले, की मात्र ती हसत नसे. त्या घरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई, तिसऱ्या दिवशीही जाई.

ती वही मी पाहिली तेव्हा माझा जुना राग गेला असे मी म्हणणार नाही. राग असा वही पाहून जात नाही. पण तो एकट्या माझाच नाही, हे त्या दिवशी मला कळले.

१९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, आणि दुसऱ्या वर्षी, अठ्ठावन्न पुरी होऊन, आई निवृत्त झाली. निरोपाच्या समारंभात तिला नारळ, शाल आणि एक भिंतीवरचे घड्याळ मिळाले. युनिसेफची जुनी पेटी केव्हाच निकालात निघाली होती; ती तिने रीतसर अर्ज करून मागून घेतली. आई-दादा जालन्याला चर्चजवळ राहू लागले. तिथे तिने पुन्हा झाडू हाती घेतला, मुलांची शाळा घेतली, आजारी माणसांना डबे पोहोचविले. दादा गेल्यावरही हा क्रम मोडला नाही.

२७ मार्च २०१४ रोजी भारत ज्या प्रदेशात येतो त्या प्रदेशाला पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. त्या संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. चाळीस वर्षांत जे विचारले नव्हते ते मी विचारले. "आई, त्या रात्री तू गेलीस, ते बरोबर केलंस असं तुला वाटतं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "गेले नसते तर ते बाळ राहिलं नसतं, एवढं मला ठाऊक आहे. धाकट्याचा कान राहिला असता का, ते ठाऊक नाही. पण मी आई होते. ठाऊक नसतानाही बसायला हवं होतं, असंही वाटतं. देवाला किती वेळा विचारलं. आता तिथंच जाऊन उत्तर घेईन. तू मात्र ठरवू नकोस, पोरी. माझ्या बाजूनं नको आणि माझ्याविरुद्धही नको."

तिची ही आज्ञा मी पाळीत आले आहे. आईची थोरवी सांगायला बसलेल्या लेकीने शेवटी सारे गोड करून सांगावे, अशी रीत आहे. पण जी बाई जन्मभर वजनाच्या काट्यावर तान्ही बाळे अचूक तोलत आली, तिच्या आयुष्याचे माप लेकीने खोटे कसे करावे? नोकरी, चर्च आणि घर ही तिची तीन कामे होती असे लोक म्हणतात. तिच्या लेखी काम एकच होते. जिथे जीव अडला असेल तिथे जायचे. त्या एका कामाची किंमत कधी तिच्या गुडघ्यांनी दिली, कधी आमच्या पानातल्या भाकरीने आणि एकदा धाकट्याच्या कानाने. तिने ती कधी नाकारली नाही आणि कुणाकडून वसूलही केली नाही.

आई २०१६ साली गेली. प्रार्थनेला चर्च भरून बाहेर माणसे उभी होती. त्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती, कुणी मोजले नाही. तिसऱ्या दिवशी घरात आम्ही दोघे भावंडेच असताना एक चाळिशी ओलांडलेला शेतकरी दारात आला. डोक्याला पांढरा रुमाल, हातात मोसंब्यांची पिशवी. बाहेरच चपला काढून आत आला आणि आईच्या फोटोपुढे बसला.

"मी पायाळू," तो म्हणाला. तीच त्याची ओळख. "उसण भरली की आजूबाजूचे लोक माझ्याकडे येतात, पाठीला पाय लावून घ्यायला. मी म्हणतो, अरे, मला बाहेर काढलं नर्सबाईंनी, गुण आला तर त्यांचा." थोडे थांबून तो म्हणाला, "आमच्या ओसरीवर कोनाड्यात त्यांची कपबशी होती. आजी गेली तेव्हा मी ती खाली काढली. आईनं घासून आत फळीवर मांडली. पण तोवर नर्सबाईंची बदली झाली होती. एकदा घरी बोलवीन, बोलवीन म्हणताना राहून गेलं."

मी चहा केला. त्या रात्री आमच्या घरात काय झाले ते त्याला ठाऊक नव्हते आणि ते आम्ही त्याला सांगितले नाही. तो हलक्या आवाजात बोलत होता. धाकटा नेहमीच्या सवयीने मान वळवून, डावा कान त्याच्याकडे करून ऐकत होता. त्याचा कप रिकामा झालेला पाहून धाकट्यानेच विचारले, "आणखी घोटभर घेणार का?"

"घेतो की," तो म्हणाला.